नवे पैसे आले तेव्हा तुम्ही केवढ्या होतात?

तुमच्या आजी-आजोबांची आधार कार्डं एकदा बघा. त्यातल्या एका तरी कार्डावर जन्मतारीख १ जून किंवा १ जानेवारी असण्याची शक्यता बरीच आहे. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो. कारण सोपं आहे. शाळा जूनमध्ये उघडायची, मूल शाळेत बसण्याजोगं झालंय एवढं गुरुजींना दिसायचं, आणि नियमात बसेल अशी तारीख दाखल्यावर पडायची. ज्यांनी शाळेचं तोंडही पाहिलं नाही, त्यांच्या वाट्याला पुढे १ जानेवारी आली. वय तोंडी सांगितलं की संगणक वर्ष काढतो आणि दिवस-महिन्याची जागा वर्षाच्या पहिल्या तारखेनं भरतो.

आपण याला गंमत म्हणून हसतो. पण शहापूर किंवा मुरबाडच्या एखाद्या वाडीत राहणाऱ्या वृद्ध बाईसाठी ही तारीख गमतीची नाही. श्रावणबाळ योजनेचं निवृत्तीवेतन ६५ व्या वर्षी सुरू होतं. एसटीत ऑगस्ट २०२२ पासून ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत आहे. कुणीतरी, कधीतरी एक प्रश्न विचारला: ‘वय किती?’ घाईत एक उत्तर मिळालं. आता ते उत्तर त्या बाईच्या आयुष्यावर राज्य करतं.

वृद्धांना प्रश्न कसे विचारावेत हे आज संशोधनातलं एक स्वतंत्र काम आहे. त्याचा इतिहास जुना आहे आणि त्यातला मोठा भाग आपल्या देशात घडला आहे.

साठ, सत्तर, ऐंशी

१७ फेब्रुवारी १८८१ रोजी भारतात पहिली एकाच वेळी केलेली जनगणना झाली. त्यात वय विचारलं होतं. आकडे मांडल्यावर एक चमत्कारिक चित्र समोर आलं. ४० वर्षांची माणसं भरपूर, ४१ ची जेमतेम. ५० ची गर्दी, ५१ ओस. लोक ० आणि ५ वर संपणाऱ्या वयांवर येऊन थांबले होते. पुढच्या प्रत्येक जनगणनेत हेच दिसत राहिलं. वयाचे तक्ते सरळ करायला विमागणिती लोकांना बसवावं लागे. १९३१ च्या जनगणनेत प्रश्नच बदलून पाहिला: पूर्ण झालेली वर्षं न विचारता जवळच्या वाढदिवसाचं वय नोंदवायचं. पण ज्याला वाढदिवसच ठाऊक नाही, त्याला ‘जवळचा वाढदिवस’ विचारून काय मिळणार?

ही गर्दी मोजायची एक पट्टी जॉर्ज व्हिपल या अमेरिकन माणसाच्या नावानं ओळखली जाते. २३ ते ६२ वयाची माणसं घ्या. त्यातल्या किती जणांचं वय ० किंवा ५ वर संपतं ते मोजा. खरं तर ते एक पंचमांश असायला हवेत. तेवढेच असले तर निर्देशांक १००, आणि झाडून सगळ्यांनी गोल आकडा सांगितला तर ५००. पण ही पट्टी ६२ ला संपते. त्यापुढे मृत्यूमुळेच संख्या झपाट्यानं घटत जाते, त्यामुळे हिशेब बिघडतो. म्हणजे वयातली चूक मोजण्याचं नेहमीचं साधन म्हातारपणाच्या उंबरठ्यावरच हात टेकतं.

गोल आकडा सांगणं म्हणजे अडाणीपणा, असा सूर जुन्या सरकारी कागदांत असायचा. मला तसं वाटत नाही. जुनी माणसं विसांनी मोजायची. ‘तीन विसांवर दोन-चार’ या उत्तरात अंदाज किती सैल आहे हेही सांगितलेलं असतं. कागदावर ते ‘६०’ किंवा ‘६३’ झालं की ‘दोन-चार’मधली माहिती गेली. चूक सांगणाऱ्यानं केली नाही, रकान्यानं केली.

आणखी एक गोष्ट. घरोघरच्या गणनेत उत्तर देतो तो बहुधा कुटुंबप्रमुख. म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या बाईचं वय सांगणार तिचा नवरा, नाहीतर मुलगा. आईचं वय मुलाला कसं कळणार? तो स्वतःच्या अंदाजी वयात वीसेक मिळवतो आणि मोकळा होतो.

आठवण तारखेला बांधलेली नसते

यावर जनगणनेच्या लोकांनी एक साधी युक्ती काढली, आणि ती आजही प्रगणकांना शिकवली जाते: वय विचारू नका, गोष्ट विचारा. भागातल्या मोठ्या घटनांची यादी जवळ ठेवा. पूर, भूकंप, लढाई, साथ. त्या वेळी तुम्ही केवढे होतात ते विचारा. १८९६ चा प्लेग आणि १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ ही एका काळी मुंबई इलाख्यातली अशी मैलाचे दगड झालेली वर्षं होती.

आज शहापूर-मुरबाडसाठी अशी यादी करायची झाली, तर काय काय घालाल?

२ जानेवारी १९४३: मुरबाड तालुक्यात सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. ३० जानेवारी १९४८: गांधीजींची हत्या. १ एप्रिल १९५७: ही तारीख तर दोनदा महत्त्वाची. त्या दिवशी देशात आणे-पै जाऊन नवे पैसे आले, आणि त्याच दिवशी मुंबई राज्यात कूळकायद्यानं कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक ठरवलं. त्याच वर्षी वैतरणेवरचं, आज मोडकसागर म्हणतात ते धरण पुरं झालं. १ मे १९६०: महाराष्ट्र राज्य. १९६२: चीनची लढाई. ११ डिसेंबर १९६७: कोयनेचा भूकंप. १९७२: दुष्काळ. १९७५: आणीबाणी. ३१ ऑक्टोबर १९८४: इंदिरा गांधींची हत्या. २६ जुलै २००५: महापूर.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. मुरबाडकडच्या एक आजी. कार्डावर जन्म १ जानेवारी १९५५.

‘आजी, वय किती?’ ‘असंल साठ-सत्तर.’ इथे थांबलो तर हाती काहीच नाही.

‘गांधीजींना मारलं ते आठवतं?’ ‘मला कुठलं आठवतंय! आई सांगायची, मी कडेवर होते.’ म्हणजे तेव्हा साधारण वर्षाची. ‘नवे पैसे आले तेव्हा?’ ‘गुरांमागं जायला लागले होते.’ म्हणजे आठ ते दहा. ‘लग्न?’ ‘चीनच्या लढाईनंतरच्या माघात.’ म्हणजे १९६३. ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा पदरात कोण होतं?’ ‘मोठा पोरगा, पाळण्यात.’

चार उत्तरं, आणि चारही एकमेकांशी जुळतात. जन्म १९४७ च्या आसपास. कार्डापेक्षा आठ वर्षं आधीचा. त्या खऱ्या अर्थानं २०१२ मध्ये ६५ च्या झाल्या, कागदावर मात्र २०२० मध्ये. आठ वर्षांचं निवृत्तीवेतन एका वाईट प्रश्नात बुडालं. एसटीचा मोफत प्रवास त्यांना २०२२ मध्येच मिळायला हवा होता. कागद म्हणतो, २०३०.

या पद्धतीत एक खाच आहे. यादी गावातली हवी. दिल्लीहून आलेली ‘महत्त्वाच्या राष्ट्रीय घटनां’ची यादी वाडीवर चालत नाही. आपल्या पाड्यावर वीज कधी आली, धरणात कुणाची शेतं गेली, पहिली एसटी कोणत्या साली वळणावर दिसली, या गोष्टी प्रत्येक गावाच्या वेगळ्या असतात. त्यांची साल आधी ग्रामपंचायतीत किंवा शाळेच्या दप्तरात पडताळून घ्यावी लागते, मगच ती प्रश्नात वापरायची. म्हणजे चांगल्या प्रश्नाचं अर्धं काम प्रश्न विचारण्याआधी होतं.

‘गेल्या बारा महिन्यांत’ म्हणजे कधीपासून?

वय झालं. आता दुसरा नेहमीचा प्रश्न: ‘गेल्या बारा महिन्यांत तुम्ही पडलात का?’

स्मरणाच्या मुदतीवरचा एक प्रसिद्ध प्रयोग भारतातच झाला. राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० मध्ये सुरू झाली. तिच्यामागे प्रशांतचंद्र महालनोबिस होते. घरखर्च विचारताना गेल्या आठवड्याचा विचारावा की गेल्या महिन्याचा, असा प्रश्न पडला. आठवडा जवळचा, म्हणून उत्तर अचूक येईल असं कुणालाही वाटेल. १९५२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये तपासून पाहिलं तर महिन्याचा आकडा प्रत्यक्षाच्या जवळ निघाला, आणि आठवड्याचा आकडा फुगलेला. कारण माणूस आठवड्याच्या अलीकडे-पलीकडे झालेली खरेदीही त्या आठवड्यात ओढून आणतो. पुढे ३० दिवसांची मुदत रुळली. १९९९-२००० च्या पाहणीत ७ आणि ३० दिवस असे दोन्ही प्रश्न एकाच घरात विचारले गेले, आणि देशातली गरिबी नेमकी किती कमी झाली यावर अर्थतज्ज्ञांत मोठा वाद पेटला. प्रश्नाची मुदत बदलली आणि गरिबांचा आकडा डळमळला.

जुनी गोष्ट अलीकडे सरकण्याच्या या सवयीवर अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि वेस्ली मारबर्गर यांनी १९८३ मध्ये उपाय दाखवला. ‘गेल्या सहा महिन्यांत’ असं न विचारता त्यांनी विचारलं, ‘सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा उद्रेक झाला त्यानंतर…’ ठळक खूण मिळाल्यावर लोक आधीच्या गोष्टी मुदतीत ओढेनासे झाले.

मुरबाडला ज्वालामुखी नाही, पण म्हसा आहे. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते, गुरांचा मोठा बाजार लागतो, आणि आसपासच्या तालुक्यांत ती कुणाला सांगावी लागत नाही. ‘गेल्या म्हशाच्या यात्रेपासून आजपर्यंत कधी पडलात का?’ या प्रश्नाला काठ आहे. ‘गेल्या बारा महिन्यांत’ला नाही. ज्या आजींचं वर्ष पेरणी, लावणी, कापणी, दिवाळी, यात्रा असं फिरतं, त्यांच्याकडे बारा महिने मोजायचं कॅलेंडर भिंतीवर असतं, डोक्यात नसतं. आणि त्यासाठी म्हातारं असायची गरज नाही. तुम्ही गेल्या बारा महिन्यांत किती वेळा आजारी पडलात, सांगा बरं.

लिहिता येत नाही, म्हणजे विसरभोळी?

स्मरणशक्ती तपासायची एक चाचणी जगभर वापरली जाते. ती १९७५ मध्ये अमेरिकेत फोल्स्टाइन दांपत्य आणि मॅकह्यू यांनी बनवली. तीस गुण. त्यात १०० मधून ७ वजा करत जा, एक वाक्य लिहा, कागदावर लिहिलेलं ‘डोळे मिटा’ वाचून तसं करा, अशी कामं आहेत. ज्या बाईनं आयुष्यात पेन्सिल धरली नाही, तिचे गुण इथेच जातात. मग तिला स्मृतिभ्रंश आहे असं म्हणायचं?

१९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही चाचणी निरक्षर वृद्धांसाठी नव्यानं बांधली. १९९५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यांनी शब्दाला शब्द ठेवला नाही. प्रत्येक प्रश्न नेमकं काय तपासतो ते शोधलं आणि तेच दुसऱ्या वाटेनं तपासलं. ‘वाक्य लिहा’ऐवजी ‘तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा’. वाचून डोळे मिटण्याऐवजी ‘माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा’. १०० मधून ७ ऐवजी २० मधून ३. इंग्रजीतल्या जीभ अडखळवणाऱ्या वाक्याऐवजी ‘न यह, न वह’.

याच गटानं घरच्यांना विचारायची एक प्रश्नावलीही केली. तिचा भर कागदपत्रं आणि बँकेच्या हिशेबांवर नाही. सणवार लक्षात राहतात का, गावात वाट चुकते का, घरातल्या लग्नकार्याच्या बोलण्यात मत देतात का, असल्या गोष्टींवर आहे. अमेरिकेत १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रोडी यांनी केलेल्या यादीत टेलिफोन वापरणं आणि पैशांचे व्यवहार होते. तेही स्वावलंबनच, पण तिथलं.

मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये देशभर ७२ हजारांहून जास्त लोकांची मोठी पाहणी केली. वय ४५ आणि पुढे. तिच्याशी जोडलेल्या एका अभ्यासात बल्लभगढच्या या चाचणीतले प्रश्न वापरले गेले. म्हणजे एका तालुक्यातल्या खेड्यांत नीट केलेलं काम देशाच्या उपयोगी पडलं.

‘बरं हाय’

सगळ्यात सोपा वाटणारा प्रश्न सगळ्यात फसवा निघतो: ‘तब्येत कशी आहे?’

१९४४ मध्ये, बंगालच्या दुष्काळानंतर, कलकत्त्याजवळ सिंगूर इथे एक पाहणी झाली. विधुर आणि विधवा यांना तब्येत विचारली. ४८.५ टक्के विधुरांनी आपण आजारी आहोत किंवा तब्येत यथातथाच आहे असं सांगितलं. विधवांपैकी असं म्हणणाऱ्या फक्त २.५ टक्के. आता दुष्काळानंतरच्या बंगालमध्ये विधवा पुरुषांपेक्षा सुदृढ होत्या, असं कुणी म्हणेल? अमर्त्य सेन यांनी हे आकडे पुढे आणले आणि त्यांतला अर्थ दाखवला: ज्यांनी कशाची अपेक्षाच ठेवलेली नाही, ते तक्रार करत नाहीत.

आपल्याकडच्या ‘बरं हाय’चं हेच आहे. गुडघे गेलेत, मोतीबिंदू पिकलाय, रात्री चार वेळा उठावं लागतं, आणि उत्तर येतं ‘बरं हाय. म्हातारपणी असंच चालायचं.’ म्हणून मत न विचारता काम विचारावं. घरापासून विहिरीपर्यंत न थांबता जाता का? भरला हंडा उचलता येतो का? लावणीला वाकता येतं का? सुईत दोरा ओवता का? यात अडचण एकच. प्रत्येकाची विहीर वेगळ्या अंतरावर आहे, त्यामुळे तुलना बिघडते. देशभराच्या प्रश्नावल्यांत ‘१०० यार्ड चालता येतं का’ असं असतं ते याचमुळे. पण १०० यार्ड म्हणजे किती, हे आजींना कोण सांगणार? माझ्या मते दोन्ही हवं: प्रश्न विहिरीचा, आणि विहिरीपर्यंतची पावलं मोजायचं काम प्रगणकाचं. देवनारच्या पाहणीत तर पकडीचा जोर आणि चालण्याचा वेग प्रत्यक्ष मोजले होते.

आणि ‘एक ते पाचपैकी किती?’ हा प्रश्न? इथे आपल्याकडे जुनी पट्टी तयार आहे. पीक किती आलं हे पिढ्यान्‌पिढ्या आण्यात सांगितलं गेलं. सोळा आणे म्हणजे भरगच्च, आठ आणे म्हणजे निम्मं. सरकारची आणेवारी त्यावरच चालायची. तिची आता पैसेवारी झाली, आणि ५० पैशांखाली गेली की टंचाईची चर्चा सुरू होते. ‘गेल्या दिवाळीला तब्येत सोळा आणे धरली, तर आज किती आणे?’ हे वाडीवर कळेल असं मला वाटतं. अर्थात वाटून उपयोग नाही. दहा-वीस जणांना विचारून, ‘तुम्हाला यातून काय समजलं?’ असं परत विचारून तपासायला हवं. ही पायरी गाळली की बाकी सगळी हुशारी वाया जाते.

विचारणारा कोण?

शहापूर तालुका १९३६ च्या आदेशानं ‘अंशतः वगळलेल्या’ क्षेत्रात होता. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सायमिंग्टन या अधिकाऱ्यानं मुंबई इलाख्यातल्या अशा भागांतल्या आदिवासींच्या स्थितीवर अहवाल लिहिला. वेठ, सावकारी, जंगल खात्याच्या खालच्या नोकरांची लूट, सगळं त्यात आहे. अशा मुलखात कागद घेऊन दारात आलेला माणूस प्रश्न विचारतो म्हणजे काहीतरी घेऊन जाणार, हा अनुभव होता. ठाकूर, कातकरी, वारली वाड्यांवरच्या आज ऐंशीत असलेल्या माणसांनी त्या पिढीच्या मांडीवर बसून जग पाहिलं.

आज उलटंही होतं. कागद घेऊन आलेला माणूस काहीतरी देणार, असं वाटतं. मग वय ६५ कडे सरकतं आणि दुखणी वाढतात. हा खोटेपणा नव्हे. प्रश्नामागे काय आहे याचा माणूस अंदाज घेतोच. म्हणून पहिलं वाक्य प्रश्न नसावं. मी कोण, कशासाठी आलो, याचं काय होणार, यातून पेन्शन मिळणार नाही की बंदही होणार नाही, हे आधी सांगावं. ‘घरात नीट वागवतात का?’ हे पडवीत सून, मुलगा, शेजारी बसलेले असताना विचारू नये. तिथे एकच उत्तर मिळतं. आणि आजींना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मुलानं दिलं, तर ते मुलाचं म्हणून नोंदवावं.

तांबडी चांदणी

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे फॉर्ममध्ये जन्मतारखेच्या चौकटीवर तांबडी चांदणी असते: हे भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ती लावायला एक सेकंद लागतो. तिच्यापुढे वाडीवरचा प्रगणक हतबल होतो. भरपावसात, बॅटरी संपत आली असताना, तो १ जानेवारी टाकतो आणि पुढे जातो. मग कुठल्यातरी कार्यालयात कुणीतरी त्या तारखेला खरं मानतं.

करता येण्याजोगं अवघड नाही. तारखेशेजारी ‘ही कशावरून?’ असा एक रकाना ठेवायचा: जन्मदाखला, शाळा, घटना, की अंदाज. ‘१९४६ ते १९४८’ असं उत्तर चालू द्यायचं. ‘माहीत नाही’ आणि ‘सांगायचं नाही’ ही दोन वेगळी बटणं ठेवायची. उत्तर कुणी दिलं ते लिहायचं. ‘तीन विसांवर दोन-चार’ जसंच्या तसं ठेवायला जागा ठेवायची.

२०२७ ची जनगणना मोबाइल ॲपवर होणार आहे. १८८१ मध्ये कागदावरच्या रकान्यानं जे केलं ते आता पडद्यावरचा रकाना करेल, फक्त जास्त वेगानं. शहापूर-मुरबाडच्या वाड्यांवर अजून अशी माणसं आहेत ज्यांना नवे पैसे हातात घेतल्याचं आठवतं. त्यांना त्यांच्या आठवणीच्या भाषेत विचारलं, तर ती आपलं वय बऱ्यापैकी नेमकं सांगू शकतात. आणखी पंधरा-वीस वर्षांनी हा प्रश्न विचारायला फारसं कुणी उरणार नाही. घरात अशी आजी असेल, तर तिच्या कार्डावरची तारीख एकदा तिच्या गोष्टींशी लावून बघा. फरक निघाला, तर तो कुणाच्या रकान्यामुळे पडला हे तुम्हाला आता ठाऊक आहे.